अभ्यासक्रमाबाहेरचा मास्तर

मुरली,

तुझी शोकसभा छान झाली. कुणीही खरं बोललं नाही. प्राचार्यांनी तुला 'सर्वधर्मसमभावाचा चालताबोलता वस्तुपाठ' म्हटलं. ज्या माणसाचे तास काढून घेतले, ज्याला बागेच्या समितीवर बसवलं, त्याचा फोटो त्यांनी स्वतःच्या हातांनी टेबलावर ठेवला, हार घातला आणि डोळे पुसले. शोकप्रस्ताव मी लिहिला होता. कॉलेजात कुणीही गेलं की प्रस्ताव मीच लिहितो. तू म्हणायचास, "पंडत, तू हायेस म्हून इथं लोकं बेफिकीर मरतेत." या वेळी मात्र मी तीन कागद फाडले आणि चौथ्यावर जे लिहिलं ते कुठल्याही माणसाला चाललं असतं.

आता वार्षिकांकासाठी लेख मागितला आहे. "आठवणी लिहा सर, मोकळेपणानं लिहा," प्राचार्य म्हणाले, आणि दारापर्यंत गेल्यावर मागे वळून म्हणाले, "फक्त तो विषय नको." तो विषय सोडून तुझ्यावर काय लिहू? तुला वांग्याचं भरीत आवडायचं हे? हा लेख ते छापणार नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणून तो सरळ तुलाच लिहितो. तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली. चौकशीच्या अहवालातल्या ज्या वाक्यानं तुझा वर्ग गेला, ते वाक्य माझं होतं. मी तुला सांगितलं होतं की मी विरोध केला पण बहुमतानं ठरलं. ते खोटं होतं. दोन वर्षं मी ते तसंच चालू ठेवलं.

आपण दोघं एकाच आठवड्यात रुजू झालो. जिल्हा नुकताच फुटला होता. तुझ्या वर्गातल्या भिंतीवर जुन्या, अखंड भंडाऱ्याचा नकाशा होता आणि तू तो काढू देत नव्हतास. "गोंदिया येगळा झाला तं झाला, पण इतिहास कोणी वाटून घेतला काय?" असं म्हणून तू शिपायाला परत पाठवलंस. मी देशावरचा. पहिल्याच तासाला एका पोरानं मला काहीतरी विचारलं, मला एक अक्षर कळलं नाही, आणि सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी तुझा तास रिकामा होता, तर तू माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसलास आणि पोरांचं बोलणं मला समजावून सांगू लागलास. पंधरा दिवस तू हे केलंस. त्या वर्गातली पोरं अजून भेटली की म्हणतात, "सर, तुम्हाले मराठी तं मुरली सरनं शिकवली." माझ्या नोकरीची पहिली काही वर्षं मी पवनीत तुझ्या जिवावर काढली, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो.

भांडण मात्र पहिल्यापासून होतं. मी देव मानत नाही. तू मानायचास. पेरणीच्या आधी धानाच्या बांधीच्या कडेला मातामायच्या दगडापुढे दिवा लावल्याशिवाय तू चहासुद्धा घेत नव्हतास. माझं म्हणणं असं, की धर्म ज्यानं त्यानं घरी ठेवावा, वर्गात येताना चपलांसारखा दाराबाहेर काढावा. त्यावर तुझं उत्तर ठरलेलं.

"चपला बाहेर ठेवशीन गा, पण पाय तं आतच येतेत नं."

"पाय धुऊन यावं मग."

"कोणाकोणाचे धूशीन? आन् धुता धुता तासच संपन."

तू पोरांना टेकडीवर न्यायचास. वर देऊळ, खाली स्तूपाच्या विटा. तिथं उभं करून विचारायचास, की खाली राहून गेलेली माणसं कोण होती, ती काय खात असतील, मेल्यावर आपलं काय होतं असं त्यांना वाटत असेल. पोरं खालच्या विटांकडे बघत आणि मग हळूच वरच्या कळसाला नमस्कार करत. तू त्यांना कधी अडवलं नाहीस. मी एकदा म्हणालो, "यातून ती शिकली काय?" तू म्हणालास, "त्याहीले एवढं तं समजलं का आपल्याआधी इथं कोणी राह्यत होतं." मला ते त्या वेळी फारच थोडं वाटलं.

मग तू घरपालट सुरू केलास. पुढेमागे कुणी हे वाचलंच तर त्याला कळावं म्हणून सांगतो. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात तू चिठ्ठ्या टाकायचास. ज्याला ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्यानं त्याच्या घरी जायचं. एक वेळ तिथं जेवायचं, जे ताटात पडेल ते. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ बसून विचारायचं, की तुमच्याकडे कशाला हात जोडतात, कशाला भितात, काय वर्ज्य आहे, बाळंतिणीचं काय करतात, मेलेल्याचं काय करतात. आणि मग वर्गासमोर उभं राहून त्या घरचा लेक किंवा त्या घरची लेक होऊन सगळं सांगायचं. लांबून, पाहुण्यासारखं सांगितलं तर तू मार्क कापायचास. शेतकऱ्याची पोरगी मोमीनपुऱ्यातल्या आजीचे रोजे सांगायची, तिथला पोरगा अड्याळच्या घरातला वाघोबा सांगायचा. मी एकदा मागं बसून ऐकलं होतं. पोरं आधी हसत, मग गप्प होत. जेवणाचा नियम तू मुद्दाम ठेवला होतास हे मला उशिरा कळलं. आपल्याकडे कोण कुणाच्या घरी काय म्हणून जेवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. तू बोलला नाहीस, तू पोरांना ताटावर बसवलंस.

बारा-तेरा वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग रेणुकाची पाळी आली.

रेणुका विणकराची पोरगी. बाप धोतरं-लुगडी विणतो, घरात पहाटे पूजेची घंटा वाजल्याशिवाय मागावर पाय पडत नाही. तिला चिठ्ठी निघाली वर्गातल्याच एका बौद्ध मुलाच्या घराची. ती गेली, जेवली, त्याच्या आजीजवळ दोन तास बसली आणि वर्गात अशी काही बोलली की तू नंतर स्टाफरूममध्ये येऊन माझ्या पाठीत धपाटा घातलास. "आमच्या घरी देव्हारा नाही. माझ्या आज्यानं देव टोपल्यात घालून वैनगंगेत सोडले. आजी सांगते, त्या दिवशी तिला रडू आलं होतं, पण परत येताना डोकं हलकं वाटत होतं." असं काहीतरी. तिच्या मैत्रिणीनं कौतुकानं मोबाइलवर ते घेतलं आणि ठेवलं स्टेटसला. पुढच्या दोन दिवसांत त्यातला बारा-पंधरा सेकंदांचा तुकडा गावभर फिरला. त्याखाली लिहिलं होतं, की पवनीच्या कॉलेजात आपल्या लेकींना देव नदीत सोडायला शिकवतात.

पुढचं तुला माहीत आहे, तरी मला ते पुन्हा सांगायचं आहे, कारण मला अजून त्याचा राग येतो. एका सकाळी दोन शिष्टमंडळं आली. एकाचं म्हणणं, सर धर्म बुडवतात. दुसऱ्याचं म्हणणं, आमच्या पोराला दुसऱ्याच्या घरची अंगात येणारी देवी सांगायला लावली, सर अंधश्रद्धा पसरवतात. दोन्ही मंडळं प्राचार्यांच्या खोलीबाहेर एकाच बाकावर बसली होती, शिपायानं एकाच तांब्यातून त्यांना पाणी दिलं. इतकी वर्षं या गावात ज्यांचं कशावर म्हणून जुळलं नाही, त्यांचं त्या दिवशी जुळलं. सरांना काढा. तू व्हरांड्यातून जाताना दोघांनाही नमस्कार केलास. त्यातले अर्धे तुझेच विद्यार्थी होते.

रेणुकाच्या बापानं तिचं कॉलेज बंद केलं. आपण दोघं तिच्या घरी गेलो होतो. तो खड्ड्यातल्या मागावर बसला होता. आपल्याला पाहून त्यानं माग थांबवला नाही. तू बोलत होतास आणि खटक-खटक चालू होती. तू आवाज चढवलास तसा त्यानं हात आणखी जोरात चालवला. शेवटी तूच थकून गप्प झालास, तेव्हा तो थांबला. रागानं नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "सर, तुमचं बराबरच असन. मी काई शिकलेला नाई. पण आता इचं लगन तुमी जुळवून देता काय?" रेणुका मागच्या पडवीत सुताच्या कांड्या भरत बसली होती. निघताना ती दाराशी आली आणि तिनं हळूच विचारलं, "सर, मले मार्क भेटले काय?" तू म्हणालास, "वीसपैकी वीस." तू आयुष्यात कुणाला वीसपैकी वीस दिले नव्हतेस. परत येताना मी म्हणालो, "निदान आईबापांना आधी विचारायला पाहिजे होतंस." ते माझं अजूनही मत आहे, मुरली. तुझं तिथं चुकलं. त्या बापाला उरलेलं आयुष्य त्याच गावात काढायचं होतं; त्याला काय सोसावं लागेल ते तू आधी पाहिलं नाहीस. हे मी तुझ्या तोंडावर आणखी जोरात बोलायला हवं होतं. तोंडावर मी मवाळ बोललो आणि कागदावर भलतंच लिहिलं.

चौकशी समिती तिघांची होती. प्राचार्य, संस्थेचे एक सदस्य आणि मी. तू अभ्यासक्रमाची पुस्तिका घेऊन आलास. पान उघडून प्राचार्यांपुढे न ठेवता माझ्यापुढे ठेवलंस. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. "पंडत, वाच जरा मोठ्यानं." मी वाचलं. स्थानिक लोकधर्म व श्रद्धापरंपरा, क्षेत्रभेट व मौखिक नोंदी. माझ्याच तोंडून त्या दोघांनी ते ऐकलं. तू समाधानानं उठलास आणि गेलास. तुझ्या दृष्टीनं प्रकरण तिथं संपलं होतं.

तू गेल्यावर प्राचार्यांनी दार लोटलं. अभ्यासक्रमात आहे असं लिहिलं, तर प्रकरण विद्यापीठात जाईल, पेपरात येईल, मोर्चे निघतील आणि त्यात सरच चिरडले जातील, असं ते म्हणाले. "बाहेरचं होतं म्हटलं की तांत्रिक चूक होते. एक समज देऊ आणि मिटवू. तुम्ही समंजस आहात सर, आणि तुमच्याइतकं नेमकं कुणाला लिहिता येतं?" मुरली, मला समंजस म्हटलेलं फार आवडतं. ही माझी जुनी खोड तुला माहीत होती. आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटत होती. आदल्या दिवशी कॉलेजच्या फाटकावर घोषणा देणाऱ्यांत माझ्या गल्लीतली माणसं होती, माझ्या घरी गणपतीची वर्गणी मागायला येणारी. मी पेन उघडलं आणि लिहिलं, "सदर उपक्रम विहित अभ्यासक्रमाचा भाग नव्हता, तथापि संबंधित प्राध्यापकांचा हेतू शुद्ध होता, हे विनम्रपणे नमूद करावेसे वाटते." दुसरा अर्धा भाग लिहिताना मला वाटलं, मी तुला वाचवतो आहे. मला त्या वाक्याचा अभिमान वाटला होता. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण वाटला होता.

संस्थेच्या बैठकीत त्यांनी वाक्याचा पहिला अर्धा भाग वाचला आणि तेवढ्यावर थांबले. सरांनी अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवल्याचं चौकशीत सिद्ध झालं आहे, सबब पुढील आदेशापर्यंत त्यांना अध्यापनाचं काम देऊ नये. पुढील आदेश कधी निघालाच नाही. तुला परिसर सौंदर्यीकरण समितीचा प्रमुख केलं. तुझा पेपर तासिका तत्त्वावर आलेल्या एका पोराला दिला. तो बिचारा टिपणं लिहून देतो, पोरं उतरवून घेतात, टेकडीवर कुणी जात नाही. तुझा नकाशाही काढला. आणि त्या संध्याकाळी मीच तुला सांगायला आलो, की मी खूप भांडलो, पण दोघं एका बाजूला झाले. तू म्हणालास, "जाऊ दे गा. तू होता म्हून एवढ्यावर भागलं."

त्यानंतरचा तू मला बघवत नव्हतास. स्टाफरूममध्ये घंटा झाली की तू सवयीनं उठायचास, खडू घ्यायला हात पुढं करायचास आणि पुन्हा बसायचास. पहिले काही महिने रोज. कुणी हसत नव्हतं, सगळे पेपरात तोंड घालत. मग तू घंटेच्या आधीच बागेत जाऊन बसू लागलास. कन्हेरी लावल्यास, सदाफुली लावलीस. प्राचार्यांनी पाहुण्यांना ती बाग दाखवली.

दर रविवारी मी स्कूटर काढून अड्याळला तुझ्याकडे यायचो. आपण धानाविषयी बोलायचो, रोवण्याला माणसं मिळत नाहीत याविषयी, माझ्या गुडघ्यांविषयी. देवाविषयीचं आपलं भांडण बंद पडलं होतं. मी ते उकरून काढायचा प्रयत्न केला तर तू म्हणायचास, "त्याच्यात आता काई मजा नाई उरली." मी दर रविवारी ठरवून यायचो, की आज सांगायचं. आणि वहिनी चहा आणायच्या, तू बशी पुढं करायचास, आणि मी पुन्हा माझ्या गुडघ्यांविषयी बोलू लागायचो.

बारा दिवसांपूर्वी बुधवारी मी मस्टरवर सही करत होतो, तेव्हा फोन आला. तू अंगणात दात घासत होतास म्हणे, तिथंच बसलास. मी पोचलो तोवर गावकरी बांबू बांधत होते. तिसऱ्या दिवशी रेणुका आली होती. साकोलीला दिली आहे तिला. दोन गाड्या बदलून आली, वहिनींजवळ तासभर बसली. कॉलेजची आम्ही दहा-बारा माणसं ओट्यावर होतो. एकानंही तिला ओळख दिली नाही. मीही दिली नाही.

काल रविवार होता. कुठं जायचं ते सुचेना, म्हणून मी सवयीनं अड्याळलाच आलो. वहिनी सुपात तांदूळ निवडत होत्या. मी बसलो आणि एकदाचं सांगून टाकलं. ते वाक्य, ती खोटी हकीकत, सगळं. बोलताना मी रडलो. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मले मालूम हाय, भाऊजी," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, कसं काय.

"त्याहीनंच सांगतलं. बैठकीच्या दिवशी दुपारीच अहवालाची झेराक्स भेटली होती. वाचल्या वाचल्या म्हणाले, हे पंडतनं लिवलं. वीस वर्षं तुमचं लिवलेलं वाचत होते, त्याहीले नाई समजन काय?"

म्हणजे मी 'खूप भांडलो' असं सांगायला आलो, त्या संध्याकाळी तुला माहीत होतं. माझ्या तोंडाकडे बघत तू म्हणालास, की तू होतास म्हणून एवढ्यावर भागलं.

"मंग बोलले काहून नाई मले?" मी विचारलं. माझ्या तोंडी तुमचीच बोली आली.

वहिनींनी सूप खाली ठेवलं. "मी बी म्हणत होती नं त्याहीले, तुम्हीच काढा विषय. तं म्हणत, नाई, तो सोताहून सांगन. मनाचा वाईट नाई तो, भितो जरासा. दर रविवारी सकाळपासून म्हणत, आज सांगन पंडत. तुमी गेले का दारात उभे राह्यत गाडी दिसे तवरक. मंग आत येऊन म्हणत, आज बी नाई."

मग त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"आता मले सांगून काय करता, भाऊजी? ज्याले सांगाचं होतं, तो दोन वर्सं तुमच्यासमोरच तं बसला होता."